प्रश्न विचारला की इमान जातं?

जुन्या नाशकात, दूधबाजाराच्या आसपास, हे वाक्य मी लहानपणापासून ऐकतोय: ‘दीनमध्ये, म्हणजे धर्मात, वाद घालायचा नसतो.’ त्यामुळे मुस्लिम अभ्यासमंडळात यायचं म्हटलं की आमची पोरं बिचकतात. इतरांनाही वाटतं, इथे नुसतं ऐकून मान डोलवायची.

हा समज चुकीचा आहे.

आपण हनफी, म्हणजे इमाम अबू हनीफांची परंपरा मानणारे, म्हणवतो ना? मग हनफी फिक्हचं, म्हणजे धर्मकायद्याचं, ‘हिदाया’ हे पुस्तक उघडा. इमाम अबू हनीफांचं मत दिलंय आणि त्याला लागूनच त्यांचे शागिर्द (शिष्य) अबू यूसुफ आणि मुहम्मद यांचं वेगळं मत, दोन्हीकडच्या दलीलींसकट, म्हणजे युक्तिवादांसकट. उस्तादाशी मतभेद झाला म्हणून त्या दोघांना कुणी बाहेर काढलं नाही. उलट कित्येक मसल्यांत (प्रश्नांत) फतवा त्यांच्याच मतावर दिला जातो.

मदरशांच्या जुन्या अभ्यासक्रमात तर ‘मुनाझरा’ हा वादाचा स्वतंत्र विषयच होता. त्यावरचं ‘रशीदिया’ हे पुस्तक सतराव्या शतकात आपल्याच जौनपूरच्या एका आलिमांनी (धर्मपंडितांनी) लिहिलं. नियम चोख: दावा करणाऱ्यानं पुरावा द्यायचा. विचारणाऱ्याला तीन वाटा. पुरावा मागावा, दलीलीतली खोट दाखवावी किंवा उलट दलील मांडावी. आवाज चढवणं यात कुठेच बसत नाही.

नमाज, रोजा यांसारख्या मूळ गोष्टींवर मतभेद नाहीत, हे खरं. पण त्यापलीकडचं मैदान केवढं मोठं आहे! तेव्हा मंडळात या, आणि मनातला प्रश्न बाहेर ठेवून येऊ नका.