मार्था आणि मरीया : ख्रिस्ती जीवनात सेवा आणि ऐकणं

हातापायाने करायची सेवा आणि शांत बसून देवाचं, तसंच समोरच्या माणसाचं ऐकणं या दोन्हींचा मेळ कसा घालायचा, हा ख्रिस्ती जीवनातला जुना प्रश्न आहे आणि तो लूकच्या शुभवर्तमानातल्या दोन बहिणींच्या नावाने ओळखला जातो. सांगली-मिरजेकडच्या किंवा साताऱ्याच्या चर्चमध्ये प्रीतिभोजनाच्या, म्हणजे मंडळीच्या एकत्र जेवणाच्या दिवशी गेलात तर हा प्रश्न डोळ्यांनी दिसतो, म्हणजे आत उपासना चालू असते, पाळकसाहेब बोलतायत, आणि मागच्या बाजूला महिला मंडळाच्या चारपाच जणी भाताच्या पातेल्यापाशी.

गोष्ट फक्त पाच ओव्यांची आहे (लूक 10:38-42). येशू एका गावात येतो, मार्था त्याला घरात घेते, तिची बहीण मरीया त्याच्या पायाशी ऐकत बसते. मार्थेची कामाने तारांबळ उडालेली, ती बहिणीला काही बोलत नाही, थेट पाहुण्यालाच म्हणते की हिला सांगा ना मला हातभार लावायला. येशू म्हणतो की तू पुष्कळ गोष्टींची काळजी करत बसलीयेस, गरज एकाचीच आहे, मरीयेने चांगला वाटा निवडलाय आणि तो तिच्याकडून काढून घेतला जाणार नाही. लूक गावाचं नाव देत नाही, योहानाच्या शुभवर्तमानातून कळतं की या बहिणी बेथानीच्या, यरुशलेमपासून साधारण 3 किमीवर.

आता यावरून "मार्था चूक, मरीया बरोबर" असं सांगणारे उपदेश बरेच ऐकायला मिळतात, पण ते अर्धवट वाचन आहे. येशू तिच्या कामाला नाव ठेवत नाही, तिच्या जिवाच्या ओढाताणीबद्दल बोलतो. आणि ही गोष्ट कुठे येते तेही बघायला पाहिजे, लगेच आधी चांगल्या शोमरोन्याचा दाखला आहे, ज्यात वाटेत जखमी पडलेल्या माणसाला टाळून याजक आणि लेवी (मंदिराचा सेवक) बाजूने निघून जातात आणि शोमरोनी, यहुद्यांना परका वाटणारा, मात्र जखमा बांधतो, तेल-द्राक्षारस ओततो, उतारशाळेवाल्याला दोन दिनार देतो, म्हणजे सगळं हाताचंच काम. आणि लगेच नंतर अकराव्या अध्यायात एक शिष्य येशूला म्हणतो आम्हाला प्रार्थना करायला शिकवा. लूकने बहिणींना बरोबर या दोघांच्या मधे बसवलंय. पुढे योहान 12 मध्ये मार्था परत वाढतेच आहे, फक्त या वेळी तक्रार तिची नाही, येशूचा विश्वासघात करणाऱ्या शिष्याची, यहूदा इस्कर्योतची आहे, आणि तीही मरीयेने महागडं सुगंधी तेल ओतलं म्हणून.

चर्चच्या इतिहासात यावर भरपूर वाद झालेत. चौथ्या-पाचव्या शतकातला धर्मपंडित ऑगस्टीन याचं म्हणणं, मार्थेचं काम चांगलंच पण ते या जगापुरतं, भूकच नसेल तिथे वाढणार कुणाला, मरीयेचा वाटा मात्र टिकणारा. चौदाव्या शतकातला जर्मन उपदेशक माइस्टर एकहार्ट उलटंच बोलला, त्याच्या मते मार्थाच जास्त पिकलेली, मरीया अजून शिकतीये. स्पेनची मठवासिनी संत तेरेसा (1515-1582) मला सगळ्यात रोखठोक वाटते, ती म्हणते मार्थाही तशीच बसून राहिली असती तर पाहुण्याला जेवायला कुणी घातलं असतं? आणि सोळाव्या शतकातला प्रोटेस्टंट धर्मसुधारक कॅल्व्हिन, त्याला तर मठातल्या ध्यानी जीवनाची थोरवी सांगायला हा उतारा वापरणं अजिबात मान्य नव्हतं.

कॅल्व्हिनचा मुद्दा आपल्याकडे लागू पडतो कारण मिरजेचं मिशन अमेरिकन प्रेस्बिटेरियन, म्हणजे त्याच परंपरेतलं. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी 1894 मध्ये मिरजेत मिशन हॉस्पिटल उभं केलं, आजही लोक त्याला मिशन हॉस्पिटलच म्हणतात, आणि वानलेसवाडी हे नावही त्यांचंच. इथल्या मंडळ्यांची सेवेची कल्पना बरीचशी दवाखान्याभोवती घडली, त्यामुळे सेवा म्हटलं की ड्रेसिंग, नाइट ड्युटी, नर्सिंग असं ठोस काहीतरी डोळ्यासमोर येतं. पण वॉर्डातली कुठलीही जुनी सिस्टर सांगेल, पेशंटचं नीट ऐकलं नाही तर दुखणं कुठलं आणि औषध कुठलं, तेव्हा ऐकणं ही सेवेतून घेतलेली सुट्टी नाहीच, तो कामाचाच भाग.

साताऱ्याची बाजू जरा वेगळी. रेव्ह. नारायण वामन टिळक 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून साताऱ्याला आले आणि "देवाचा दरबार" सुरू केला, बाप्तिस्मा घेतलेले न घेतलेले सगळे ख्रिस्तभक्त त्यात यावेत हा विचार. 1919 मध्ये ते गेले, त्यामुळे काम फार पसरलं नाही. पण टिळकांनी कीर्तन-भजन ख्रिस्ती उपासनेत रुजवलं हे मोठं काम, कारण कीर्तनात बसलेला माणूस ऐकतोही आणि टाळ्या वाजवून साथही देतो. नवविधा भक्तीत श्रवण पहिलं आणि दास्य सातवं, ही मांडणी सज्जनगडाच्या मुलखात कुणाला समजावून सांगायला लागत नाही.

रोजच्या व्यवहारात अडचण बहुतेक वेळा वाटणीची असते. ऐकायला बसायची मोकळीक पुरुषांना आपोआप मिळते, चहा-नाश्ता बायकांकडे, आणि वर उपदेश पण त्यांनाच की मरीयेसारखं व्हा. येशूच्या काळी गुरूच्या पायाशी बसणं ही शिष्याची जागा होती, प्रेषित पौलही आपण गमलिएल या यहुदी गुरूच्या पायाशी शिकलो असंच सांगतो (प्रेषितांची कृत्ये 22:3), म्हणजे मरीयेला मिळालेला वाटा शिकण्याचा होता. तो खरंच काढून घ्यायचा नसेल तर प्रीतिभोजनाला तरुण संघाची पोरं आणि पंचकमिटीची, म्हणजे मंडळीचा कारभार बघणारी माणसं पातेल्यापाशी उभी राहायला हवीत, नाहीतर उपासना संपेपर्यंत गॅसच पेटवू नये, जेवायला अर्धा तास उशीर झाला तर होऊ दे.