डिकीचे दार शेवटच्या सेंटिमीटरला का अडते?

बटण दाबल्यावर डिकीचे दार संथपणे खाली येते, गाडीच्या अंगाला जवळजवळ टेकते, आतून बारीक घरघर ऐकू येते आणि मग बीप वाजून दार पुन्हा वर निघून जाते. कधी त्याहून फसवा प्रकार घडतो. दार खालीच राहते, बाहेरून बंद दिसते, पण डॅशबोर्डवरचा डिकी उघडी असल्याचा दिवा काही विझत नाही. हॅरियर, सफारी, हेक्टर, इनोव्हा हायक्रॉस यांसारख्या गाड्यांच्या वरच्या श्रेणींत विजेवर चालणारे डिकीचे दार मिळू लागल्यापासून ही तक्रार आपल्याकडेही ओळखीची झाली आहे. अशा वेळी मालकाचा पहिला संशय मोटारीवर किंवा गाडीतल्या ‘कॉम्प्युटर’वर जातो. माझ्या मते तिथून सुरुवात करणे चुकीचे आहे. परत वर जाणारे दार बहुतेक वेळा त्याला दिलेली आज्ञाच पाळत असते. अडचण असते ती दार आणि गाडी यांच्यामध्ये उरलेल्या शेवटच्या सेंटिमीटरमध्ये.

त्या सेंटिमीटरमध्ये काय घडते, हे कळण्यासाठी आधी लॅच, म्हणजे दार पकडून ठेवणारी खिटीची यंत्रणा, पाहू. बहुतेक गाड्यांत गाडीच्या अंगावर, डिकीच्या उंबरठ्याच्या मधोमध, पोलादी सळईची एक कडी बसवलेली असते. तिला स्ट्रायकर म्हणतात. दाराच्या खालच्या कडेला असलेल्या लॅचमध्ये खाच असलेला एक पोलादी पंजा असतो. दार खाली आले की कडी त्या खाचेत शिरते, पंजा तिच्या रेट्याने फिरतो आणि स्प्रिंगने दाबलेली एक खिटी त्याच्या पायरीत अडकून त्याला मागे फिरू देत नाही. पंजाला अशा दोन पायऱ्या असतात. पहिलीत खिटी अडकली की दार अर्धे लागते, दुसरीत अडकली की पूर्ण. साध्या गाडीत आपण दार जोरात आपटतो आणि दोन्ही पायऱ्या एका दमात पार होतात. विजेच्या दाराला आपटण्याची मुभा नाही, म्हणून पहिल्या पायरीनंतर लॅचमधलीच एक छोटी मोटर गिअरच्या साहाय्याने पंजा ओढून दुसऱ्या पायरीपर्यंत नेते. ऐकू येणारी घरघर तिचीच.

अर्धे लागलेले दार म्हणजे ‘जवळजवळ लागलेले’ दार, असे समजून गाडी हाकणे धोक्याचे आहे. दरवाज्यांच्या लॅचसाठी २००४ साली ठरलेल्या पहिल्या जागतिक तांत्रिक नियमावलीत पूर्ण लागलेल्या लॅचने मुख्य चाचणीत ११,००० न्यूटन, म्हणजे सुमारे १,१०० किलो वजनाइतका भार सहन करणे अपेक्षित आहे. अर्ध्या पायरीसाठी ही अपेक्षा ४,५०० न्यूटन आहे, म्हणजे निम्म्याहूनही कमी. धावत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी असतो, त्यामुळे फटीतून धूर आत ओढला जाण्याचा धोका वेगळाच. त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग असतो, ना वास.

आता भौतिकशास्त्राचा भाग, आणि माझ्या दृष्टीने या साऱ्या प्रकरणातला सर्वांत रंजक. दाराचे वजन ३० किलो आणि त्याचा गुरुत्वमध्य बिजागरीपासून अर्धा मीटर अंतरावर आहे, असे धरू. दार आडवे असते तेव्हा गुरुत्वाकर्षण त्याला सुमारे १४७ न्यूटन-मीटर इतक्या पीळबळाने खाली फिरवते. दार खाली येत येत उभ्या रेषेशी साधारण २० अंशांचा कोन करू लागते, तेव्हा हेच पीळबळ ५० न्यूटन-मीटरवर उतरते, कारण गुरुत्वमध्य आता बिजागरीच्या जवळपास खाली आलेला असतो. दाराच्या दोन बाजूंना असलेल्या दांड्यांचेही तसेच होते. गॅरेजवाले ज्यांना सवयीने डिकीचे शॉकर म्हणतात, त्या या दांड्यांच्या आत मोटर, गिअर, लांब आटेदार स्क्रू आणि स्प्रिंग असते. दार मिटताना दांडीच्या बळाची रेषा बिजागरीच्या अगदी जवळून जाऊ लागते, आणि बिजागरीलगत हात ठेवून दार लोटणाऱ्याची जी गत होते तीच दांडीची होते: जोर तेवढाच, परिणाम थोडा.

मदत अशी आटत असतानाच विरोध वाढू लागतो. डिकीच्या चौकटीभोवतीचे रबरी बीडिंग आतून पोकळ असते आणि ते दाबले जाते ते नेमके शेवटच्या काही मिलिमीटरमध्ये. त्यातच गाडीतली हवा कोंडते. दाराचे क्षेत्रफळ १.२ चौरस मीटर धरले आणि त्याची खालची कड शेवटचे १० मिलिमीटर आत सरकली, तर वरची कड जागीच असल्यामुळे सरासरी ५ मिलिमीटर हिशेबात धरायचे, म्हणजे सुमारे ६ लिटर हवा आत ढकलली जाते. केबिनचे घनफळ ४,००० लिटर असेल आणि हवेला बाहेर पडायला वाटच नसेल, तर आतला दाब सुमारे १५० पास्कलने वाढेल. आकडा क्षुल्लक वाटतो, पण १.२ चौरस मीटरवर तो १८० न्यूटन, म्हणजे साधारण १८ किलो वजनाइतका रेटा देतो. प्रत्यक्षात तो एवढा होत नाही, कारण मागच्या बंपरच्या आड रबरी पडद्यांची हवा सोडणारी खिडकी असते. सामान खचाखच भरल्याने किंवा नंतर बसवलेल्या अस्तराने ती झाकली गेली, तर मात्र हा हिशेब दारावर उलटतो.

म्हणूनच पहिली चाचणी फुकटची आहे. पुढची एक काच पूर्ण खाली करावी आणि डिकी बंद करून पाहावी. काच उघडी असताना दार व्यवस्थित लागत असेल आणि बंद असताना लागत नसेल, तर बिघाड बहुधा विजेचा नाही. हवा, बीडिंग आणि कडीची जागा यांच्यातला काठावरचा समतोल बिघडला आहे.

दुसरी चाचणी कानांची आहे. दार न लागण्याचे तीन प्रकार बाहेरून सारखेच दिसतात, पण ऐकायला वेगळे असतात. दार टेकले आणि ‘टक्’ असा आवाज आलाच नाही, तर कडी पंजापर्यंत पोहोचलेली नाही किंवा पंजा फिरायला तयार नाही. टक् ऐकू आला पण घरघर आली नाही, तर पहिली पायरी झाली, मात्र ओढणाऱ्या मोटारीला हुकूम किंवा वीज मिळाली नाही. टक् झाला, घरघरही झाली, दार पक्के ओढले गेले आणि तरीही ते परत उघडले किंवा दिवा जळत राहिला, तर लॅचने काम केले पण त्याची खबर दिली नाही. ही खबर देण्यासाठी लॅचमध्ये बारीक स्विच असतात. एक अर्ध्या पायरीची वर्दी देतो, दुसरा पूर्ण पायरीची. ठरलेल्या अवधीत दुसरी वर्दी आली नाही, तर नियंत्रक, म्हणजे दार चालवणारा छोटा ‘कॉम्प्युटर’, काहीतरी मध्ये अडकले असावे असे गृहीत धरतो आणि दार सोडून देतो. एखाद्या लहान मुलाची बोटे त्या फटीत असण्याची शक्यता लक्षात घेता हा भित्रेपणा योग्यच म्हणावा लागेल.

आवाज आलाच नाही, तर टॉर्च घेऊन पाहणीला लागावे. कडीभोवतीच्या खोबणीत खडा, वाळू, पोत्याच्या सुतळीचा तुकडा किंवा गोठलेले जुने ग्रीस असे काहीही सापडू शकते. गावाहून तांदूळ भरून आणलेल्या गाडीत दोष ‘नियंत्रकाचा’ ठरवण्याआधी बीडिंगवरून एकदा बोट फिरवावे, हे मी अनुभवाने शिकलो आहे. बीडिंग आपल्या पट्टीवरून निसटून कुठे दुमडले आहे का, हेही त्याच वेळी कळते. ते सगळीकडे सारखे दाबले जाते की नाही, हे पाहण्यासाठी कागदाची पट्टी चौकटीवर ठेवून दार हाताने बंद करावे आणि पट्टी ओढावी. एका कोपऱ्यात ती सहज निघते आणि दुसऱ्या कोपऱ्यात फाटेपर्यंत निघत नाही, असे झाले तर दार तिरके बसले आहे. दाराच्या दोन्ही कडांना आट्यांवर फिरणारे रबरी ठोकळे असतात. ते जास्त बाहेर आलेले असले तर दार त्यांच्यावरच टेकून राहते आणि कडी पंजापासून दोन मिलिमीटर दूर राहते. मागून ठोकर बसलेल्या गाडीत, किंवा नंतर स्पॉइलर अथवा सायकलचा स्टँड चढवलेल्या दारात, हा तिरपेपणा पहिल्यांदा तपासावा. कडीचे बोल्ट सैल करून तिला सरकवता येते, पण त्याआधी तिच्या मूळ जागेभोवती पेन्सिलीने रेघ मारून ठेवणे शहाणपणाचे, कारण इथे एक मिलिमीटरही पुष्कळ होतो.

पंजाची परीक्षा दार उघडे असताना घेता येते. जाड स्क्रूड्रायव्हरची दांडी कडीच्या जागी धरून पंजा हळूच दाबावा. पहिला टक् झाल्यावर बहुतेक गाड्यांत लॅचची मोटर स्वतः सुरू होऊन पंजा आत ओढते. या वेळी बोट जवळही नेऊ नये. ही मोटर लहान असली तरी तिच्या पुढच्या गिअरमुळे ओढ मोठी असते. त्यानंतर दार उघडण्याचे बटण दाबून पंजा पुन्हा मोकळा झालाच पाहिजे. मिटलेल्या पंजासकट दार खाली आणले तर तो कडीवर आदळेल आणि नसलेला बिघाड निर्माण होईल. स्क्रूड्रायव्हरवर लॅच नीट चालले, तर लॅच निर्दोष आणि जुळणी सदोष, एवढा निवाडा घरबसल्या मिळतो. पंजा सुस्त असेल तर साफ करणाऱ्या फवाऱ्याने जुना चिकटा काढावा, पण तेवढ्यावर थांबू नये. असा पातळ द्रव उडून जातो आणि पोलाद कोरडे राहते, म्हणून शेवटी पांढऱ्या लिथियम ग्रीसचा पातळ थर द्यावा. बीडिंगला मात्र ते ग्रीस लावू नये. बीडिंग सहसा ईपीडीएम या रबराचे असते, ते ऊन-पाऊस उत्तम सोसते, पण खनिज तेलाने फुगते. फुगलेले बीडिंग दार आणखी बाहेर ढकलते. त्याच्यासाठी सिलिकॉनचा फवारा योग्य.

टक् झाला पण घरघर नाही, किंवा ती दमलेली आणि खोल गेलेली आहे, तर वळावे विजेकडे. इंजिन बंद असताना न लागणारे दार इंजिन सुरू असताना लागते का, ते पाहावे. चांगल्या चार्ज झालेल्या बॅटरीचा दाब सुमारे १२.६ व्होल्ट असतो, तर इंजिन चालू असताना तो बहुधा १४ व्होल्टच्या आसपास जातो. या फरकाने दार लागत असेल तर बॅटरी म्हातारी झाली आहे किंवा वाटेत कुठेतरी जोड गंजला आहे. गंजलेल्या अर्थिंगच्या जोडाचा रोध जेमतेम ०.२ ओहम असला, तरी १० अँपिअर प्रवाह वाहताना २ व्होल्ट तिथेच खर्ची पडतात. दमट किनारपट्टीवर हा दोष आधी तपासावा. त्याखालोखाल संशयित जागा म्हणजे छप्पर आणि दार यांना जोडणारी रबरी नळी. तिच्यातून जाणाऱ्या तारा दर उघडझापीला वाकतात, आणि तांब्याची तार वारंवार वाकवली की तिचा एकेक धागा तुटत जातो. अशी तार दार एका ठरावीक कोनात असतानाच संपर्क सोडते, म्हणून गॅरेजमध्ये दार उघडे ठेवून केलेली तपासणी निर्दोष येते आणि मालक खोटा पडतो. बाजारातून नंतर बसवून घेतलेल्या संचांत कापून जोडलेल्या तारा आणि दार ओढून घेणारे वेगळे कुलूप (सक्शन लॉक) असते, तिथे हे जोड प्रथम उघडून पाहावेत.

दाराच्या दोन्ही उभ्या कडांवर अनेक गाड्यांत स्पर्श ओळखणारी रबरी पट्टी असते आणि तिची रचना फार सुबक आहे. तिच्यातल्या दोन वाहक तारांच्या टोकाला एक ठरावीक रोध जोडलेला असतो. तो रोध दिसतो तोवर सर्व ठीक; पट्टी दाबली गेली की तारा एकमेकींना टेकून रोध जवळजवळ शून्य होतो, आणि तार तुटली तर तो अमर्याद होतो. म्हणजे पट्टी अडथळाही सांगते आणि स्वतः मेल्याचेही सांगते. दोन्ही प्रसंगी दार बंद होण्याचे नाकारते. धुताना प्रेशर पंपाचा फवारा जवळून मारल्याने पट्टीची कड उचकटली असेल, तर बाकीचे सारे यंत्र धडधाकट असूनही दार लागणार नाही.

एवढे सर्व नीट असूनही दार चुकीच्या जागी थांबत असेल, तर नुकतीच बॅटरी काढली होती का, हे आठवावे. दार कुठे आहे, हे नियंत्रकाला दांडीतल्या हॉल संवेदकांमुळे कळते. वाहत्या प्रवाहाला आडवे चुंबकीय क्षेत्र लावले की वाहकाच्या दोन बाजूंत विद्युतदाब निर्माण होतो, हा परिणाम एडविन हॉल यांनी १८७९ साली शोधला. मोटारीबरोबर फिरणाऱ्या चुंबकामुळे संवेदकात स्पंद उमटतात आणि नियंत्रक ते मोजतो. स्पंद अपेक्षेपेक्षा मंदावले, तर तो त्याला अडथळा समजतो. पण ही मोजणी कुठून तरी सुरू झालेली असते, जसे जिन्यात डोळे मिटून पायऱ्या मोजणाऱ्याला तळमजला आधी माहीत असावा लागतो. बॅटरी सुटली की अनेक गाड्यांत ही गणती हरवते. मग दार हाताने सावकाश खाली आणून, दोन्ही तळव्यांनी मधोमध दाबून पूर्ण बंद करावे, आणि गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या क्रमाने एकदा पूर्ण उघडून पुन्हा बंद करावे. क्रम प्रत्येक गाडीत वेगळा असतो. पूर्ण लागलेल्या लॅचची वर्दी मिळते त्या क्षणाला नियंत्रक शून्य मानतो आणि पुढचे स्पंद तिथून मोजू लागतो.