बटणाचा जुना इटालियन चाकू: ओळख आणि किंमत
आमच्याकडून फोटोंवरून चाकूची ओळख आणि किंमत ठरवून घेणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

पात्यावर ‘मिलानो’ कोरलेले आहे, म्हणजे चाकू मिलानमध्ये बनला, असे धरून चालू नका. लांब, निमुळता, बटण दाबताच खाडकन उघडणारा हा चाकू, ज्याला जगभर स्टिलेटो म्हणतात, तो बहुतेक वेळा मानियागोचा असतो. ईशान्य इटलीत, फ्रिउली प्रांतातले हे छोटे गाव. १४५३ साली तिथल्या सरंजामदाराने व्हेनिसच्या सत्तेकडून परवानगी घेऊन ओढ्याचे पाणी पाटाने गावात आणले. त्या पाण्यावर लोहारांचे घण चालू लागले आणि गाव पात्यांचे झाले. दक्षिणेकडे फ्रोसोलोने आणि कांपोबासो इथेही जुने चाकू बनले, पण आमच्याकडे येणाऱ्या नमुन्यांत ते क्वचितच असतात. ‘मिलानो’ हे विक्रीसाठी घेतलेले नाव आहे. हल्लीच्या स्वस्त चिनी नकलांवर तर तेच सर्वांत ठळक अक्षरांत असते.

हाताळताना

चाकू उघडताना पाते कोणत्या बाजूने फिरणार आहे ते आधी बघा आणि त्या वाटेत बोट ठेवू नका. बटणाशेजारी सरकणारी कळ असते, ती बटण अडवते. ती मागे घेतल्याशिवाय बटणावर जोर लावू नका. तपासणीसाठी दोनदा उघडले तरी पुरते. जुन्या चाकूची पट्टीची स्प्रिंग पुनःपुन्हा उघडझाप करूनच मोडते. पाहुण्यांना आवाज ऐकवण्याच्या हौसेत मोडलेल्या स्प्रिंगा आम्ही पुष्कळ पाहतो. मूळ स्प्रिंग एकदा गेली की नवी बसवता येते, पण चाकू मग ‘दुरुस्त केलेला’ ठरतो.

खटका: वय सांगणारा पहिला भाग

पाते उघडल्यावर ते उघडेच राहावे म्हणून मुठीच्या पाठीवर पोलादी पट्टी असते, तोच खटका. तिच्यातले भोक पात्याच्या बुंध्यावरच्या, म्हणजे मुठीजवळच्या जाड भागावरच्या, खुंटीवर बसते. चाकू मिटायचा तर ही पट्टी उचलावी लागते. ती कशी उचलायची, यावरून काळ ठरतो.

जुन्या प्रकारात पट्टीचे टोक बोल्स्टरच्या, म्हणजे मुठीच्या पुढच्या धातूच्या भागाच्या, किंचित बाहेर येते. ते नखाने उचलायचे. याला पिकलॉक म्हणतात. साधारण १९६० च्या आसपास ही पद्धत मागे पडली आणि स्विव्हल बोल्स्टर आला: पुढच्या बोल्स्टरची एक बाजू हलकेच तिरकी फिरवली की तीच पट्टी उचलते. मिटवण्याची रीत कळत नसेल तर स्क्रूड्रायव्हर घालू नका. पट्टीच्या टोकावर पडलेले स्क्रूड्रायव्हरचे ओरखडे भिंगाखाली लगेच दिसतात आणि किंमत उतरते. नख पुरत नसेल तर लाकडी काडी वापरा.

इथे मात्र एक अडचण आहे. गेल्या काही दशकांत मानियागोच्या कारागिरांनी पिकलॉक पुन्हा बनवले आहेत, आणि ते चांगले बनवले आहेत. त्यामुळे पिकलॉक असणे हा जुनेपणाचा पुरावा नाही. तो फक्त पहिली चाळणी आहे. पुढच्या खुणा जुळल्या तरच १९५० च्या दशकाचा निष्कर्ष काढता येतो.

घरातली हकीकत

‘आजोबा इटलीच्या लढाईत होते, १९४५ साली त्यांनी आणला’ असे ग्राहक सांगतात. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पलटणी इटलीत लढल्या हे खरेच आहे, तेव्हा अशी हकीकत अशक्य नाही. पण आज ज्याला आपण स्टिलेटो म्हणतो तो लांब, सडपातळ नमुना मोठ्या प्रमाणात बनला आणि निर्यात झाला तो युद्धानंतर, मुख्यतः अमेरिकी बाजारासाठी. स्विव्हल बोल्स्टर असलेला चाकू १९४५ चा असू शकत नाही. असे चाकू मर्चंट नेव्हीतले नातेवाईक जेनोवा, नेपल्स, त्रिएस्ते अशा बंदरांतून नंतर आणत, हे जास्त पटते. लष्करी सेवेची कागदपत्रे असतील तर ती जरूर जपा, त्यांना वेगळे मोल आहे. चाकूचे वय मात्र त्यावरून ठरत नाही.

शिक्के

शिक्का पात्याच्या सपाट भागावर आणि बुंध्यावर बघा. ‘इटली’ हा शब्द निर्यातीची खूण आहे. अमेरिकेत येणाऱ्या मालावर मूळ देशाचे नाव हवे, असे १८९० च्या तिथल्या जकात कायद्याने ठरवले. म्हणून इटलीतच विकल्या गेलेल्या चाकूवर हा शब्द नसला तरी तो बनावट ठरत नाही. ‘इनॉक्स’ आणि ‘रोस्टफ्राय’ यांचा अर्थ एकच, न गंजणारे पोलाद. दुसरा शब्द जर्मन आहे, पण म्हणून चाकू जर्मन ठरत नाही. जर्मन पोलादाचा नावलौकिक बाजारात कामी येई. ‘लटामा’सारखी नावे अमेरिकेतल्या विक्रेत्यांची आहेत. अशा नावांचा भाव चढा म्हणून ती नव्या पात्यांवरही कोरली जातात.

जुना शिक्का ठोकून उठवलेला असतो. अक्षरांच्या कडेला धातू किंचित उचललेला आणि खोली असमान दिसते. अक्षरे उथळ, राखाडी आणि सगळीकडे सारखी असतील तर ती लेझरची किंवा ॲसिडची, बहुधा अलीकडची.

मूठ आणि धातू

बोल्स्टर जुन्या चांगल्या चाकूत जर्मन सिल्व्हरचे असते. त्याची झाक किंचित पिवळसर, उबदार राखाडी असते. झिजलेल्या कडेलाही तोच रंग दिसतो, कारण वर मुलामा नाही. पुढच्या काळात पितळेवर क्रोम चढवलेला सापडतो: निळसर पांढरा, आणि सोलला की खाली पिवळे. ओतीव जस्ताचे जाड, ओबडधोबड बोल्स्टर हातात आले की पुढची तपासणी करायची गरज उरत नाही.

मुठीच्या पट्ट्या शिंगाच्या, हाडाच्या, शिंपल्याच्या, लाकडाच्या किंवा सेल्युलॉइडच्या असतात. शिंग भिंगाखाली तंतुमय दिसते आणि भेग तंतूच्या दिशेने जाते. प्लास्टिकला साच्याची रेघ असते, तंतू नसतात. जुन्या सेल्युलॉइडवर अंगठा जोरात घासून लगेच वास घ्या, कापूर आठवतो. गरम सुई टोचून पाहण्याचा सल्ला अनेक ठिकाणी मिळतो. तो अजिबात मानू नका, सेल्युलॉइड भडकन पेट घेते.

सेल्युलॉइडचा दुसरा धोका हळू असतो. ते कुजायला लागले की आम्ल वायू सोडते. मग आतल्या पोलादाला गंज चढतो आणि पितळेवर हिरवट थर येतो. मुठीवर बारीक चौकोनी तडे किंवा चिकटपणा दिसला, तर तो चाकू बाकीच्यांपासून लगेच वेगळा करा. हवाबंद पिशवीत ठेवलात तर कूज वाढते.

पट्ट्या आणि बोल्स्टर यांच्यात केसाएवढी फट असणे हा दोष नव्हे. शिंग आणि सेल्युलॉइड काळाने आकसतात. साठ वर्षांच्या शिंगाच्या मुठीला कुठेच फट नसेल तर उलट पट्ट्या बदलल्या आहेत का ते पाहावे लागते. पट्ट्यांचे खिळे सगळे सारखे मळलेले आहेत ना, की एखाद्याचे डोके चकचकीत आणि नुकतेच ठोकलेले आहे, तेही बघा.

किंमत कशाने पडते

सर्वांत जास्त नुकसान धार लावल्याने होते. हे पाते घुसवण्यासाठी घडवलेले आहे. संगिनीसारख्या पात्याला एक धार आणि पाठीवर लांब उतार असतो, आणि कारखान्यातूनच त्याची धार बेताची असे. घरच्या दगडावर किंवा धारवाल्याच्या चाकावर गेले की उताराच्या कडा गोलावतात, शिक्का पुसट होतो आणि टोक आखूड होते. चाकू मिटवून टोक मुठीत कुठपर्यंत पोचते ते बघा. ते मुठीच्या शेवटापासून बरेच अलीकडे थांबत असेल तर पाते घासले गेले आहे, किंवा ते दुसऱ्याच चाकूचे आहे.

दुसरी शक्यता दुर्मीळ नाही. १९५८ साली अमेरिकेत संघीय कायद्याने बटणचाकूंच्या आंतरराज्य व्यापारावर आणि आयातीवर बंदी आली. त्यानंतर सुटे भाग मागवून चाकू तिथेच जोडले जात. त्यामुळे एका चाकूचे पाते, दुसऱ्याची मूठ आणि नवी स्प्रिंग असे नमुने फिरत असतात. टॉर्चच्या प्रकाशात मुठीच्या आतल्या पत्र्या बघा: दोन्ही बाजूंचा धातू, मळ आणि कानशीच्या खुणा एकसारख्या हव्यात. पाते बदललेल्या चाकूची आमच्या अंदाजात निम्मीही किंमत राहत नाही.

पाते कडेला हलत असेल तर आस झिजलेला आहे, वर-खाली हलत असेल तर खटक्याच्या पट्टीतले भोक. पहिला दोष सुसह्य, दुसऱ्याने चाकू हातातच मिटू शकतो. ब्रासो वगैरेने चमकवलेल्या चाकूचे फोटो लोक खुशीत पाठवतात. काळाने आलेली छटा पुन्हा आणता येत नाही, हे सांगताना आम्हालाही वाईट वाटते.

किंमत कशी ठरते

माप उघड्या चाकूच्या एकूण लांबीचे धरतात, पात्याचे नव्हे. ९ इंच म्हणजे सुमारे २३ सेंमी, ११ म्हणजे २८, १३ म्हणजे ३३. ९ इंची सर्वांत सहज मिळतात. अस्सल १३ इंची, शिंगाच्या मुठीचा, न घासलेला पिकलॉक संग्राहक सर्वांत आधी उचलतात. त्याच मापाच्या स्विव्हलपेक्षा तो कितीतरी महाग जातो. मिटताना दुमडणारे आडवे कान आणि लाटांसारखे वळणदार पाते असले की थोडी भर पडते, पण झिजलेल्या चाकूला ती सावरत नाही.

ऑनलाइन मागितलेल्या किमती पाहून अंदाज बांधू नका. लिलावात प्रत्यक्ष मिळालेला भाव, तोही त्याच मापाच्या आणि त्याच अवस्थेच्या चाकूचा, तेवढाच उपयोगाचा. आमच्या अहवालात तीन आकडे असतात: विम्यासाठीचा, निवांत विक्रीचा आणि तातडीने विकल्यास मिळणारा. तिसरा पाहून निराश होऊ नका, तो विक्रेत्याचा नफा वजा करून काढलेला असतो.

सांभाळ

आसावर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब वर्षातून एकदा पुरे. खोबरेल नको, ते थंडीत गोठते आणि जुने झाले की चिकट होते. चामड्याच्या म्यानात ठेवू नका, पावसाळ्यात चामडे ओल धरते आणि बोल्स्टरवर हिरवट डाग येतात. सुती कापडात सैल गुंडाळून सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवा. मिटलेल्या अवस्थेत स्प्रिंग सतत दाबलेली राहते, म्हणून कुलूपबंद कपाटात जागा असेल तर उघडा ठेवणे बरे.

कायदा

चाकू आमच्याकडे घेऊन येऊ नका आणि कुरिअरने पाठवू नका. महाराष्ट्रात पोलीस आयुक्त किंवा जिल्हादंडाधिकारी महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली शस्त्रे बाळगून फिरण्यावर बंदी घालू शकतात, आणि अशा आदेशांत चाकूही येतो. दिल्लीत ७.६२ सेंमी लांब आणि १.७२ सेंमी रुंद किंवा त्याहून मोठ्या पात्याच्या बटणचाकूंवर वेगळी अधिसूचना आहे. ‘रामपुरी’बद्दलचे जे नियम तुम्ही ऐकले असतील, त्यांतून इटालियन चाकू सुटत नाही. परदेशातून मागवण्याआधी वकिलाला विचारा, सीमाशुल्क विभाग तो जप्त करू शकतो. मुठीला सांबरशिंग असेल तर १९७२ चा वन्यजीव (संरक्षण) कायदाही लागू होतो. इंग्लंडमधल्या ग्राहकांनी लक्षात घ्यावे की जुलै २०२१ पासून तिथे असा चाकू घरात ठेवणेही गुन्हा आहे. अमेरिकेत प्रत्येक राज्याचा नियम वेगळा आहे.

फोटो पाठवताना

खिडकीजवळ, फ्लॅशशिवाय काढा, शेजारी सेंटीमीटरची पट्टी ठेवा. उघडा आणि मिटलेला, दोन्ही बाजूंनी. पाठीवरून पट्टीचे टोक. बुंध्यावरचे दोन्ही बाजूंचे शिक्के अगदी जवळून. बटण आणि कळ. मुठीच्या आत टॉर्च मारून पत्र्या. बोल्स्टरला चुंबक चिकटतो का ते लिहा. फोटोआधी चाकू पुसू नका, धूळ असू द्या.