फुप्फुस-कर्करोगातील प्रतिमा-संरेखन

एकाच रुग्णाच्या सीटी, पेट (शरीरात टोचलेल्या किरणोत्सारी द्रव्याचा माग दाखवणारी तपासणी), एमआरआय अशा निरनिराळ्या तपासण्यांतील प्रतिमा एकमेकींवर नेमक्या बसवण्याची प्रक्रिया. शरीरातील एक बिंदू सर्व प्रतिमांत एकाच जागी यावा, हा तिचा हेतू. रेडिओथेरपी विभागात सर्रास ‘फ्यूजन’ म्हणतात. काटेकोरपणे पाहता फ्यूजन म्हणजे जुळलेल्या प्रतिमा एकत्र दाखवणे, ती पुढची पायरी होय. ‘इमेज रजिस्ट्रेशन’ या इंग्रजी संज्ञेसाठी ‘प्रतिमा-नोंदणी’ हा प्रतिशब्दही आढळतो. परंतु नागपूरच्या रुग्णालयांत रजिस्ट्रेशन म्हणजे खिडकीवर केसपेपर काढणे. म्हणून येथे ‘संरेखन’ हीच संज्ञा योजली आहे.

प्रत्येक यंत्र मोजमापाचा आरंभबिंदू आपला आपण ठरवते. नागपूरच्या झिरो माइलपासून मोजलेले अंतर आणि जबलपूरहून मोजलेले अंतर थेट ताडून पाहता येत नाही. आधी दोन्ही आरंभबिंदूंचा संबंध लावावा लागतो. संरेखनात हेच तीन मितींत करतात.

उगमाबद्दल एकमत नाही. नेदरलँड्सचे झीडसेस डेस प्लांटेस यांनी 1934 च्या सुमारास एका क्ष-किरण फिल्ममधून दुसरी वजा करण्याची पद्धत मांडली. काही अभ्यासक या शास्त्राचे मूळ तिथवर नेतात. तथापि भिन्न जातींच्या त्रिमितीय प्रतिमा जुळवण्याचा विचार करता, शिकागोच्या पेलिझारी आणि सहकाऱ्यांची 1989 मधील मेंदूच्या प्रतिमांची पद्धत हा आरंभ मानणे अधिक सयुक्तिक ठरते. तीत एका प्रतिमेतील डोक्याच्या पृष्ठभागावर दुसरीतील पृष्ठभाग टोपीसारखा बसवीत. पुढे 1995 च्या सुमारास ‘परस्पर माहिती’ हा निकष आला. सीटीत पांढरे दिसणारे हाड पेटमध्ये तसे दिसेलच असे नाही, त्यामुळे उजेड-अंधार सरळ ताडून भागत नाही. एका प्रतिमेतील मूल्यावरून दुसरीतील मूल्याचा अंदाज किती बांधता येतो, हे हा निकष मोजतो. त्याचा पाया शॅनन यांच्या 1948 च्या माहिती-सिद्धांतात आहे. श्रेय एमआयटीचे व्हायोला व वेल्स यांचे, की बेल्जियममधील ल्यूव्हेनच्या कोलिन्यों, मास आदींचे, याची चर्चा होते. दोन्ही गट स्वतंत्रपणे तिथे पोहोचले, हे मत ग्राह्य वाटते.

मेंदू कवटीत स्थिर असतो, म्हणून त्याला नुसते सरकवून-फिरवून भागते. फुप्फुस श्वासागणिक आकार बदलते. खालच्या खंडातील गाठ साध्या श्वासातही एक सेंटिमीटरहून अधिक वरखाली होऊ शकते. सीटी काही सेकंदांत आटोपतो; पेटमध्ये टेबलाच्या एकेका टप्प्यावर काही मिनिटे जातात, म्हणून गाठीची अनेक श्वासांतली सरासरी छबी उमटते. 1998 मध्ये पिट्सबर्ग येथे टाउनसेंड आणि सहकाऱ्यांनी पेट व सीटी एकाच यंत्रात आणले, तरी श्वास तोच राहिला: यकृताच्या वरच्या टोकाची गाठ फुप्फुसाच्या तळाशी असल्याचा भास अजूनही होतो. यावर चतुर्मितीय सीटीचा, म्हणजे श्वासाच्या टप्प्यांनुसार वेगळ्या केलेल्या प्रतिमांचा, चांगला उपयोग होतो.

प्रतिमा रबरासारखी ताणून जुळवणारे लवचीक संरेखन आकर्षक आहे, पण ते जपून वापरावे. फुप्फुस छातीच्या भिंतीला लागून घसरते, तर बहुतेक लवचीक पद्धती हालचाल सलग धरून चालतात. मग फासळ्याही फुप्फुसाबरोबर ओढल्या जातात. शिवाय उपचाराने आकसलेली गाठ ताणून जुन्या आकाराला जुळवली, तर पडद्यावर सारे नीट दिसते आणि मूळ बदलच पुसला जातो. अमेरिकेतील वैद्यकीय भौतिकतज्ज्ञांच्या संघटनेचा 2017 चा 132 व्या कृतिगटाचा अहवाल जुळवणीतील चुकीला साधारण 2 ते 3 मिमी मर्यादा सुचवतो. फुप्फुसात ती गाठणे कठीण असते.

लाभ मात्र खरा आहे. गाठीने श्वासनलिका दाबून फुप्फुसाचा भाग बसला, की सीटीत गाठ कुठे संपते ते कळत नाही. एफडीजी, म्हणजे पेटसाठी टोचलेली किरणोत्सारी शर्करा, शोषणारा भाग पेटमध्ये उठून दिसतो. क्षयाच्या गाठीही एफडीजी शोषतात, त्यामुळे संरेखन जागा सांगते, निदान नव्हे. एमआरआयचा वापर मर्यादित असून फुप्फुसाच्या शिखरावरील गाठीचा हाताच्या नसांशी संबंध पाहताना तो मोलाचा ठरतो.

नागपुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय, जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था आणि मिहानमधील एम्स ही प्रमुख केंद्रे. येथे विदर्भाबरोबरच बालाघाट-छिंदवाड्याकडूनही रुग्ण येतात. एकीकडचा पेट आणि दुसरीकडचा नियोजन-सीटी (रेडिओथेरपीची आखणी करण्यासाठीचा) असे झाले, की अडचण टेबलापासूनच सुरू होते: निदानाचे टेबल खोलगट, रेडिओथेरपीचे सपाट, त्यामुळे पाठीचा बाक बदलतो. एकदा हात डोक्यावर आणि एकदा कुशीला असले, तर खांदे व बरगड्या जुळत नाहीत. नातेवाइकांनी पिशवीतून जपून आणलेल्या फिल्मचा यासाठी उपयोग होत नाही. सीडीत मूळ डायकॉम मालिका (वैद्यकीय प्रतिमांच्या प्रमाणित डिजिटल फाइली) पूर्ण असावी लागते. जुळवणीनंतर आधी मणके, मग श्वासनलिका जिथे दुभागते ती जागा, आणि शेवटी गाठीची कड, अशा क्रमाने प्रत्येक छेद डोळ्यांनी तपासावा.