डोळे पिवळे न करणारी कावीळ

कोल्हापुरात कावीळ म्हटली की पहिले बोट पंचगंगेकडे जाते, आणि ते अगदीच चुकीचे नाही. २०१२ साली इचलकरंजीत आलेल्या काविळीच्या साथीमागे दूषित पाण्यातून पसरणारा हिपॅटायटिस ई हा विषाणू होता. पण त्यामुळे पाणी उकळून प्यायले की यकृताची चिंता मिटली, असा एक समज आपल्याकडे पक्का झाला आहे. यकृतालाच पोखरणारा दुसरा एक विषाणू, हिपॅटायटिस सी, मात्र पाण्यातून किंवा एका ताटात जेवल्याने पसरत नाही. तो रक्तातून रक्तात जातो. पुन्हा वापरलेली सिरिंज, नीट निर्जंतुक न केलेली हत्यारे, जत्रेत एकाच सुईने अनेकांच्या हातांवर काढलेले गोंदण, तपासणी न झालेले रक्त, या त्याच्या वाटा आहेत.

लागण झालेल्या बहुतेकांना सुरुवातीला काहीच जाणवत नाही. शंभरातील साधारण ३० जणांच्या शरीरातून विषाणू सहा महिन्यांत आपोआप निघून जातो. उरलेल्यांत तो मुक्काम ठोकतो, आणि त्यांपैकी १५ ते ३० टक्के लोकांचे यकृत वीस वर्षांच्या आत सिऱ्हॉसिसने निबर होण्याची शक्यता असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे ५ कोटी लोकांना ही जुनाट लागण आहे आणि २०२२ मध्ये तिने सुमारे २ लाख ४२ हजार बळी घेतले. पोटात पाणी झाल्यावर रुग्ण दवाखान्यात येतो, तेव्हा रोग दोन दशके जुना असतो. या आजाराचा खरा बोजा तो हाच, कारण औषध हाताशी असूनही ते कोणाला द्यायचे हेच ठाऊक नसते.

ते औषध कसे चालते, हे मात्र सावकाश पाहण्यासारखे आहे. या विषाणूचा सारा आराखडा आरएनए या डीएनएच्या भावंड रेणूच्या एकाच धाग्यावर, सुमारे ९,६०० अक्षरांत लिहिलेला असतो. यकृताच्या पेशीत एनएस५बी नावाचे विषाणूचे विकर (एन्झाइम) त्याच्या नकला काढते, पण लिहिलेले पुन्हा तपासण्याची सोय त्याच्याकडे नाही. कोल्हापूरच्या गुजरी या सराफ बाजारातल्या पटवेकऱ्याने साज गुंफताना एकदाही मागचे मणी न्याहाळू नयेत, तसा हा प्रकार. एका रुग्णाच्या शरीरात रोज सुमारे १ लाख कोटी विषाणू तयार होतात आणि त्यांत चुकांची इतकी रूपे निघतात की प्रतिकारशक्तीला नेमके कोणाला ओळखावे ते कळत नाही. यावर अजून लस नाही, त्याचे हे एक मोठे कारण आहे.

सोफोसबुव्हिर हे औषध म्हणजे या माळेतला खोटा मणी. यकृताच्या पेशीतली विकरे त्याचे आवरण काढून त्याला तीन फॉस्फेटांची शेपटी पुरी करून देतात आणि तो आरएनएतल्या ‘यू’ या अक्षराचा तोतया होतो. एनएस५बी त्याला बिनदिक्कत ओवते. पुढचा मणी जिथे अडकवायचा तो आकडा त्याच्यातही असतो, परंतु शेजारीच बसवलेले मिथिल गट आणि फ्लोरिन पुढच्या मण्याला जवळ येऊ देत नाहीत, आणि माळ तिथेच थांबते. तोतया ओळखण्यासाठी विकराने आपल्या गाभ्याची ठेवण बदलली, तर खरी अक्षरे गुंफण्याचे त्याचे स्वतःचे काम मंदावते, म्हणून ही पळवाट विषाणूला सहसा परवडत नाही. शिवाय एचआयव्हीप्रमाणे तो आपल्या डीएनएत घुसून बसत नाही. सोफोसबुव्हिरच्या जोडीला डॅक्लाटास्विर हे दुसरे औषध दिले की बारा आठवड्यांत ९५ टक्क्यांच्या आसपास रुग्ण पूर्ण बरे होतात. २०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात ही औषधे मोफत मिळतात.

काविळीवर डोक्यात घालायची माळ आपल्याकडे अजूनही मिळते. ती रोज लांबत पायापर्यंत येते आणि कावीळ उतरल्याचा पुरावा मानली जाते. वास्तविक ओल्या काड्या सुकून आकसतात, गाठी सैल पडतात, आणि दोरा मोकळा होतो. ती भिंतीवरच्या खिळ्याला टांगली तरी लांबेल.

तपासणीबाबत एक खुलासा आवश्यक आहे. बोटाच्या थेंबभर रक्तावर होणारी पहिली चाचणी प्रतिपिंडे, म्हणजे विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रथिने, शोधते, विषाणू नव्हे. ती सकारात्मक आली तर आरएनएची चाचणी करावी लागते, आणि उपचार संपल्यावर बारा आठवड्यांनी तीच पुन्हा करतात. बरे झाल्यावरही प्रतिपिंडे बहुधा रक्तात राहतात, त्यामुळे पुढे एखाद्या शस्त्रक्रियेपूर्वी त्या पहिल्या चाचणीच्या पट्टीवर पुन्हा सकारात्मक निकालाच्या दोन रेघा उमटल्या, तर घाबरण्याऐवजी आरएनएचा जुना अहवाल डॉक्टरांपुढे ठेवावा.