गुडघ्याच्या शस्त्रक्रिया (कोल्हापूर परिसर)

गुडघ्यातील फाटलेले अस्थिबंध व चकत्या दुरुस्त करणे, वाकलेल्या पायावरचा भार दुसरीकडे वळवणे आणि झिजलेल्या सांध्याला कृत्रिम पृष्ठभाग बसवणे, यांसाठी या शस्त्रक्रिया केल्या जातात. कोल्हापुरात त्यांची गरज पडणारे दोन वर्ग ठळक दिसतात. तालमींतले मल्ल आणि पेठांच्या संघांतले फुटबॉलपटू हा एक. ऊस आणि भाताच्या शेतात उमर घालवलेली वयस्क माणसे हा दुसरा. त्यांत स्त्रिया अधिक. दोघांच्या गुडघ्याकडून अपेक्षित काम वेगळे, म्हणून शस्त्रक्रियेचा निर्णयही वेगळा.

गुडघ्यात मांडीचे व नडगीचे हाड आणि समोर वाटी एकत्र येतात. चार मुख्य अस्थिबंध सांधा जागेवर धरतात, तर आतल्या व बाहेरच्या बाजूच्या दोन चंद्रकोरी चकत्या (मेनिस्कस) भार वाटून घेतात. हाडांच्या टोकांवरच्या कूर्चेला, म्हणजे गुळगुळीत आवरणाला, रक्तवाहिन्या नसतात. त्यामुळे ती एकदा झिजली की पूर्ववत भरून येत नाही.

राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने वाढलेली आणि 1912 साली पूर्ण झालेल्या खासबाग मैदानाने देशभर नावाजलेली इथली कुस्ती गुडघ्याची कसोटी पाहते. पट काढताना किंवा ढाक मारताना पाय मातीत रुतलेला आणि धड फिरलेले, अशा क्षणी पुढचा तिरका अस्थिबंध, म्हणजे एसीएल, तुटतो. शाहू स्टेडियमवर वेगात दिशा बदलणाऱ्या फुटबॉलपटूचेही तेच होते. ‘कट्’ असा आवाज येतो, काही तासांत गुडघा रक्ताने सुजतो. पुढे सूज ओसरते, चालता येते, पण वळताना गुडघा निसटतो. याच टप्प्यावर अनेक जण फसतात. तेल लावून चोळले, वस्तादांनी पट्टी बांधली, सूज गेली म्हणजे गुडघा बरा झाला असे समजून पोरगा पुन्हा आखाड्यात उतरतो. प्रत्येक वेळी निसटणारा गुडघा चकती आणि कूर्चा कुरतडत राहतो आणि ऐन तारुण्यात सांध्याची झीज सुरू होते.

तुटलेला एसीएल नुसता शिवून सहसा टिकत नाही. म्हणून रुग्णाच्याच शरीरातील स्नायुबंध (स्नायूला हाडाशी जोडणारा दोर) काढून, हाडांत बोगदे पाडून नवा बंध बसवतात. हे काम दुर्बिणीतून, लहान छिद्रांतून होते. स्नायुबंध कुठून घ्यायचा, हा मल्लाच्या बाबतीत खरा पेच आहे. वाटीखालचा घेतला तर जोड भक्कम बसतो, पण गुडघा टेकल्यावर दुखण्याची शक्यता वाढते, आणि मल्लाला तर रोज गुडघे टेकायचे असतात. मांडीमागचा घेतला तर पाय मागे ओढण्याची ताकद काहीशी घटते. याची मोकळी चर्चा शस्त्रक्रियेआधी मल्ल आणि वस्ताद या दोघांशीही व्हायला हवी. शिवाय सूज उतरून पाय पूर्ण सरळ होण्याआधी घाईने शस्त्रक्रिया केल्यास गुडघा आखडू शकतो. ज्याला वळणाचे, उड्यांचे काम नाही, त्याचे व्यायामावरही भागू शकते.

चकतीच्या बाहेरच्या कडेला रक्तपुरवठा असतो, त्यामुळे तिथली फाट शिवली तर जुळते. आतल्या भागाची फाट जुळणे अवघड, तेव्हा फक्त सुटलेला तुकडा काढतात. पूर्वी सबंध चकती काढत. त्या गुडघ्यांची पुढे लवकर झीज झाली. आज शक्य तितकी चकती राखणे हाच नियम आहे.

झिजेच्या संधिवातात शस्त्रक्रिया हा पहिला उपाय नव्हे. वजन कमी करणे, मांडीच्या स्नायूंचे व्यायाम आणि काठी यांनी अनेकांना वर्षानुवर्षे आराम मिळतो. आमवातासारख्या दाहक प्रकारांत तर आधी औषधांनीच रोग आटोक्यात आणावा लागतो. दुर्बिणीतून झिजलेला सांधा ‘धुऊन काढणे’ एकेकाळी सर्रास चाले. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत 180 रुग्णांपैकी काहींना केवळ त्वचेवर छेद देण्यात आले होते. खरी शस्त्रक्रिया झालेल्यांना त्यांच्याहून अधिक आराम पडला नाही. नुसत्या झिजेसाठी असा सल्ला मिळाल्यास दुसरे मत जरूर घ्यावे.

आपल्याकडे बहुधा गुडघ्याची आतली बाजू आधी झिजते आणि पाय धनुष्यासारखे बाकतात. रुग्ण तरुण, कष्टाचे काम करणारा आणि बाहेरची बाजू शाबूत असेल, तर नडगीचे हाड कापून पाय सरळ करतात. भार चांगल्या बाजूवर जातो आणि स्वतःचा सांधा राहतो. शेतकऱ्यासाठी हा पर्याय मोलाचा आहे, पण त्याची चर्चा फार कमी होते. एकाच बाजूची झीज असल्यास अर्धा सांधाही बदलता येतो.

संपूर्ण सांधेरोपणात अख्खा गुडघा काढतात, ही भीती खेड्यापाड्यांत आजही आहे. प्रत्यक्षात हाडांच्या टोकांचे सुमारे एक सेंटीमीटरचे थर कापून त्यावर धातूचे पृष्ठभाग आणि मध्ये पॉलिएथिलीन या प्लास्टिकचा तुकडा बसवतात. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या आढाव्यानुसार असे सुमारे 82 टक्के सांधे 25 वर्षे टिकतात. ऑगस्ट 2017 मध्ये राष्ट्रीय औषध मूल्य प्राधिकरणाने किमतींवर मर्यादा घातली. सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या कोबाल्ट-क्रोमियम सांध्याची कमाल किंमत तेव्हा जीएसटी वगळून 54,720 रुपये ठरली. त्याआधी याच सांध्याला दीड लाखाहून अधिक मोजावे लागत.

मांडी घालून बसणे, उकिडवे बसून भांगलण करणे हे रोपणानंतर बहुतेकांनी टाळावे लागते, आणि घरात कमोड लागतो. शस्त्रक्रियेची तारीख घेण्याआधी रुग्णाला हे स्पष्ट सांगितले पाहिजे, कारण पुढची नाराजी बहुधा इथूनच येते.

सांधेरोपण असो वा एसीएलची शस्त्रक्रिया, निकाल व्यायामावर ठरतो. रोपणानंतर रुग्णाला बहुधा दुसऱ्या दिवशीच वॉकर धरून चालवतात. पहिल्या सहा आठवड्यांत गुडघा वाकवला नाही तर तो आखडतो. एसीएलनंतर नवा बंध हाडात रुजायला काळ लागतो. नऊ महिन्यांआधी मैदानात परतणाऱ्यांना पुन्हा इजा होण्याचा धोका बराच जास्त असतो, आणि तारखेइतकीच दोन्ही पायांची ताकद मोजून पाहणे महत्त्वाचे आहे. चैत्रातल्या यात्रांची मैदाने आणि इनाम यांच्या ओढीने हा काळ आखडता घेणारे मल्ल मिळालेला बंध गमावून बसतात. दुसऱ्यांदा केलेली शस्त्रक्रिया पहिल्याइतकी यश देत नाही.