इग्निशन मिसिंग (जुन्या गाड्या)

इग्निशन मिसिंग म्हणजे इंजिन चालू आहे पण एखाद्या सिलेंडरमध्ये ठिणगी पडतच नाहीये, किंवा पडतेय पण कमजोर किंवा भलत्या वेळी, आणि तिथलं पेट्रोल न जळता तसंच सायलेन्सरमधून बाहेर जातंय. मुंबईच्या गॅरेजमध्ये याला सरळ ‘गाडी मिस मारतेय’ म्हणतात. आयडलला (अॅक्सिलरेटर न दाबता) इंजिन थरथरतं, गिअरचा दांडा हलत राहतो, सायलेन्सरचा आवाज एका लयीत न येता मधेच तुटतो, पिकअप जातो, अॅव्हरेज पडतो, मागे कच्च्या पेट्रोलचा वास येतो आणि पीयूसीला गेलं की हायड्रोकार्बनचा आकडा चढलेला दिसतो.

इथे मुख्यतः डिस्ट्रिब्युटरवाल्या (एकाच फिरत्या यंत्रातून सगळ्या सिलेंडरना करंट वाटणाऱ्या) गाड्यांचाच विचार केलाय, म्हणजे प्रीमियर पद्मिनी, अॅम्बेसेडर, कार्ब्युरेटरवाली मारुती ८०० वगैरे. पद्मिनी तर कुर्ल्यातच बनायची. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची २० वर्षांची वयोमर्यादा ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली आणि ती रस्त्यावरून गेली, पण खासगी पद्मिन्या लोकांनी अजून जिवापाड जपल्यात आणि त्यांचं मिसिंग नीट शोधून काढणारे मिस्त्री मात्र कमी होत चाललेत.

सिस्टिम मुळात साधी आहे. अमेरिकेत चार्ल्स केटरिंगने १९१० च्या आसपास बसवलेली हीच पद्धत पुढे कित्येक दशकं सगळ्या जगात चालली. बॅटरीचा १२ व्होल्टचा करंट कॉइलमधून जातो, डिस्ट्रिब्युटरमधला पॉइंट (करंट जोडणारा-तोडणारा छोटा स्विच) उघडला की तो एकदम तुटतो आणि त्या झटक्याने कॉइलमधून १५-२० हजार व्होल्ट बाहेर पडतात, ते रोटर (डिस्ट्रिब्युटरमधला फिरता तुकडा) आणि कॅप (त्याचं झाकण) यांच्यातून एचटी वायरने, म्हणजे जाड हाय-टेन्शन वायरने, त्या-त्या प्लगपर्यंत पोचतात. चार सिलेंडरचं इंजिन ३००० आरपीएमला असेल तर सेकंदाला १०० ठिणग्या लागतात, म्हणजे पॉइंटही सेकंदाला १०० वेळा उघडतो-मिटतो. एवढ्या कामात एखादी ठिणगी चुकायला फार मोठा बिघाड लागत नाही.

आता सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ते इथे: गाडी मिस मारायला लागली की आधी प्लग बदलले, मग वायरी, मग कॉइल, मग कार्ब्युरेटर उघडून साफ केला, आणि गाडी आहे तशीच. पार्ट विकत घ्यायच्या आधी दोन प्रश्नांची उत्तरं मिळायला हवीत, कुठला सिलेंडर मरतोय आणि कधी मरतोय. ही दोन उत्तरं हातात असली की संशयित पार्ट दोन-तीनच उरतात.

सिलेंडर शोधायची जुनी रीत म्हणजे इंजिन आयडलला ठेवून एकेक प्लगची वायर काढून बघायची. चालू सिलेंडरची वायर काढली की आरपीएम दणकन पडतो, मेलेल्या सिलेंडरची काढली तर काहीच फरक पडत नाही. मारुती ८०० ला तीनच सिलेंडर, त्यामुळे एक आधीच मेलेला असताना चालू असलेला काढला तर इंजिन बहुतेक बंदच पडतं, घाबरायचं कारण नाही. वायर काढताना रबरी मुठीचा पक्कड वापरायचा आणि काढलेली वायर हवेत लोंबकळत न ठेवता जुन्या प्लगला लावून तो प्लग इंजिनच्या धातूला टेकवायचा, कारण करंटला जायला वाट नसली की तो कॉइलच्या आतूनच वाट काढतो आणि पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक इग्निशन असेल तर त्याचं मॉड्यूलही उडू शकतं. पेसमेकर बसवलेल्या माणसाने हे काम करूच नये. मुंबईसह चार महानगरांत १९९५ पासून नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या वाटेत धूर साफ करणारा भाग) आला, तो असेल तर ही टेस्ट पटकन उरकायची, कारण न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो लाल होईपर्यंत तापतो.

मेलेला सिलेंडर सापडला की त्याचा प्लग शेजारच्या सिलेंडरला लावायचा. मिसिंग प्लगबरोबर सरकलं तर प्लग खराब. नाही सरकलं तर वायर अदलाबदल करून बघायची. तरीही तिथेच राहिलं तर कॅपचा तो टर्मिनल बघायचा, आणि तोही चांगला असेल तर कॉम्प्रेशन (सिलेंडरमधला दाब) मोजायचं, कारण जळालेला व्हॉल्व्ह असेल तर इग्निशनमध्ये कितीही पैसे ओता, ती गाडी सुधारणार नाही. वायरी परत लावताना फायरिंग ऑर्डर (सिलेंडर पेटायचा क्रम) चुकवू नये, पद्मिनी आणि अॅम्बेसेडरला १-३-४-२, मारुती ८०० ला १-३-२.

काढलेला प्लग नीट बघितला तर बरंच सांगतो. फिकट तपकिरी असेल तर सगळं ठीक, पेट्रोलने ओला असेल तर तिथे ठिणगी पडतच नाहीये, कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, तेलकट काळा म्हणजे ऑइल वर येतंय आणि मग प्रश्न रिंगचा किंवा व्हॉल्व्ह सीलचा.

आता दुसरा प्रश्न, कधी मरतोय. बरेच जण प्लग बाहेर काढून बॉडीला टेकवतात, सेल्फ मारतात, ठिणगी दिसली की ‘करंट ओके’ म्हणून मोकळे होतात. हे पुरेसं नाही. सिलेंडरच्या आत दाबलेल्या मिश्रणातून ठिणगी उडवायला मोकळ्या हवेपेक्षा कितीतरी जास्त व्होल्टेज लागतं, त्यामुळे बाहेर छान दिसणारी ठिणगी आत दमते. म्हणूनच अशक्त इग्निशनची गाडी आयडलला बरी चालते आणि फ्लायओव्हर चढताना टॉप गिअरमध्ये अॅक्सिलरेटर दाबला की झटके देते. याच्या उलट, आयडलला मिस आणि वेग वाढला की स्मूथ, असं असेल तर आधी व्हॉल्व्ह, टॅपेट किंवा कुठून तरी ओढली जाणारी जास्तीची हवा यांच्याकडे बघावं. चोक (पेट्रोलचं प्रमाण वाढवणारा खटका) थोडा ओढल्यावर गाडी सुधारली तर पेट्रोल कमी पडतंय किंवा हवा जास्त जातेय, इग्निशनला उगाच दोष देऊ नये. आणि अर्धा तास ट्रॅफिकमध्ये रांगल्यावर गाडी मिस मारून बंद पडते, बोनेट उघडून थंड केली की पुन्हा गुमान चालू होते, तर कॉइल किंवा कंडेन्सर (पॉइंटला जोडलेली छोटी डबी) तापून काम सोडतोय असं समजावं.

पॉइंटची गॅप साधारण ०.४ ते ०.५ मिमी असते, नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमधून घ्यावा आणि फिलर गेजनेच (ठरावीक जाडीच्या पत्र्याच्या पट्ट्यांनी) मोजावी. पॉइंट उघडून बघितला की एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला टेकाड दिसतं, थोडं असेल तर पॉलिश पेपरने चालून जातं, पण नवा पॉइंट थोड्याच दिवसांत पुन्हा जळाला तर कंडेन्सर बदलावा, कारण पॉइंटवरचा स्पार्क शोषून घ्यायचं काम त्याचं असतं. डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट हाताने आडवा हलत असेल तर बुश झिजलाय, आणि मग गॅप प्रत्येक सिलेंडरला वेगळी पडते, कितीही सेट करा. एक जागा मात्र हमखास सुटते. डिस्ट्रिब्युटरच्या आत पॉइंटच्या प्लेटकडे जाणारी छोटी वायर, जी व्हॅक्युम अॅडव्हान्सबरोबर (इंजिनच्या ओढीने ठिणगीची वेळ बदलणारी रचना) सारखी मागेपुढे होते, ती वरचं कव्हर शाबूत ठेवून आतून तुटते, आणि मग अॅक्सिलरेटर दिला की गाडी मिस, सोडला की बरोबर. मल्टिमीटर लावून ती वायर हलवून बघितली की कळतं.

पावसाळ्यात मुंबईत निम्मा खेळ दमटपणाचा असतो. हिंदमाता, मिलन सबवे किंवा किंग्ज सर्कलच्या पाण्यातून गाडी काढली आणि पुढे मिस मारायला लागली तर आधी कॅप काढून आतून-बाहेरून कोरड्या फडक्याने पुसायची. कॅपच्या आत दोन टर्मिनलच्या मधे पेन्सिलने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली तर ती कार्बनची वाट आहे, करंट तिथून पळतो, आणि ती खरवडली तरी परत उमटते, तेव्हा कॅप बदलायचीच. रात्री अंधाऱ्या जागी बोनेट उघडून इंजिन चालू ठेवायचं आणि स्प्रेच्या बाटलीने वायरींवर नुसता धुकं पडेल इतका पाण्याचा फवारा मारायचा, जिथे रबर फाटलंय तिथून निळी ठिणगी बॉडीकडे उडताना दिसते, त्या वेळी हात मात्र लांब ठेवायचे. काही लोक डिस्ट्रिब्युटरला प्लास्टिकची पिशवी गुंडाळतात, तिने वरचं पाणी अडतं पण आत घाम धरतो, त्यापेक्षा कॅपचं सील आणि वायरींचे रबरी बूट नवे घालणं कधीही बरं. समुद्राची खारी हवा हे वेगळंच प्रकरण, टर्मिनलवर हिरवा थर चढतो, वरून वायर घट्ट वाटते पण काँटॅक्ट मेलेला असतो. इंजिन आणि बॉडीमधली अर्थिंगची पट्टीही याच कारणाने बघावी.

सीएनजीवर हे सगळं लवकर उघडं पडतं. गॅसला पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून पेट्रोलवर लपलेला कमजोर कॉइल किंवा जुनी वायर सीएनजीवर लगेच झटके देते, आणि लोक किटला शिव्या घालतात. सीएनजीसाठी प्लगची गॅप थोडी कमी ठेवतात ती याचमुळे. गाडी पेट्रोलवर ठीक आणि गॅसवर मिस असेल तर किट उघडायच्या आधी प्लग आणि वायरी तपासाव्यात.

२००० नंतर कार्ब्युरेटर गेला, एमपीएफआय (कॉम्प्युटरच्या हिशोबाने पेट्रोल फवारणारी सिस्टिम) आलं, आणि पुढे स्कॅनर लावला की पी०३०१ म्हणजे पहिला सिलेंडर, पी०३०२ म्हणजे दुसरा, असे कोड मिळायला लागले. कोड फक्त सिलेंडर सांगतो, कारण सांगत नाही, त्यामुळे प्लग-कॉइल अदलाबदलीची रीत तिथेही तशीच लागू पडते. ज्या चार सिलेंडरच्या गाडीत दोन प्लगना मिळून एक कॉइल असतो तिथे १ आणि ४, किंवा २ आणि ३ असे जोडीने मिस झाले तर आधी कॉइलवर संशय घ्यावा.

जुन्या गाड्यांचे पार्ट ऑपेरा हाउसच्या स्पेअर पार्टच्या दुकानांत आणि कुर्ल्याच्या सीएसटी रोडला मिळतात, पण पॉइंट, कंडेन्सर आणि रोटर यांत हलका माल फार येतो, नवा कोरा कंडेन्सर पहिल्या दिवशीच खराब निघू शकतो. म्हणून एका वेळी एकच पार्ट बदलावा, गाडी चालवून बघावी, आणि काढलेला जुना पार्ट चालू हालतीतला असेल तर तो कापडात गुंडाळून डिकीत ठेवून द्यावा.